विळीचा दोष, सुईचा दोष

हिंगोलीला जाते म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न आला तो, "तिथं बघायला काय आहे?" दुसरा आला तो, "ह्या वयात?" पहिल्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि दुसऱ्याचं द्यायची इच्छा नव्हती. मी बासष्ट वर्षांची आहे, न बोलणाऱ्या लेकरांना बोलतं करायचं काम पस्तीस वर्षं केलं, आणि गुडघे सोडले तर माझं सगळं जागच्या जागी आहे.

बोलावणं रेखाचं होतं. रेखा माझी जुनी विद्यार्थिनी. आता हिंगोलीत दोन खोल्यांचं केंद्र चालवते. ऑटिझम असलेली लेकरं तिच्याकडं येतात, आणि जी येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं ती स्कूटीवरून जाते. फोनवर म्हणाली, "मॅडम, चार दिवस या. मी सांगते ते लोकांना पटत नाही. तुमचे केस पांढरे आहेत, तुमचं ऐकतील." केसांच्या जोरावर मिळालेलं हे माझं पहिलंच आमंत्रण. फेब्रुवारीत निघाले. प्रवास लांबचा आणि कंटाळवाणा झाला, त्याचं पुराण लावत नाही.

पहिला दिवस : हिंगोली

रेखाच्या आईनं चहा दिला. एक घोट घेतला आणि कळलं, इथं चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. मला मधुमेह. "बिनसाखरेचा द्याल का?" म्हटलं तर बाईंचा चेहराच उतरला. "काहून? आमच्या घरी साखर न्हाई का काय?" शेवटी तडजोड झाली, अर्धा चमचा. पाहुण्याला अगदीच कोरडा चहा पाजला तर शेजारी काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता, आणि आमच्या कोल्हापुरातसुद्धा पाहुण्याच्या ताटात रस्सा कमी पडला तर असंच तोंड उतरतं.

दुपारी केंद्रात बारा-तेरा आईबाप जमले. मी आपली तयारीनं गेले होते: लेकराशी कसं खेळायचं, शब्दाआधी खूण कशी शिकवायची, घाबरलं तर काय करायचं. ते कुणालाच नको होतं. पाच मिनिटांत एक शिंपीकाम करणारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "म्याडम, ते बराबर हाय. पण आधी हे सांगा, हे झालं काहून?"

मग काय, धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. कुणी म्हणे मोबाईलनं झालं. कुणी म्हणे सिझरनं. एका बाईला जाऊ म्हणाली होती की तू लेकराला जवळ घेत नव्हतीस, म्हणून. एकीनं गरोदरपणी तापाची एक गोळी घेतली होती आणि गेल्या वर्षी परदेशातल्या मोठ्या सत्ताधाऱ्यांनीच त्या गोळीवर बोट ठेवलं, ती बातमी तिच्या नवऱ्यानं तिला वाचून दाखवली होती. आणि निम्म्याहून जास्त जणांचं बोट एकाच ठिकाणी होतं: गोवराची सुई. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा एक व्हिडिओ होता, बहुतेक तोच एक, सुटाबुटातला माणूस हिंदीत ठणकावून सांगतोय.

तिथं नसलेल्या वाचकांसाठी जे ठाऊक आहे ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुईचं भूत उठलं ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, परदेशातल्या एका डॉक्टरच्या लेखावरून. लेकरं किती तपासली होती? डझनभर. पुढं त्यातली लबाडी बाहेर आली, मासिकानं लेख मागं घेतला, डॉक्टरची सनद गेली. त्यानंतर अनेक देशांत लाखो लेकरं पाहिली गेली. सुई घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच. गोळीचं म्हणाल तर काही अभ्यासांत धूसर संबंध दिसला, पण एकाच आईची दोन लेकरं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा तो विरून गेला, आणि गरोदरपणी अंगात ताप तसाच ठेवणं हे तर वाईटच. ऑटिझमची मुळं बहुतेक करून पोटात मेंदू घडतो तेव्हाचीच असतात. त्यात सगळ्यात मोठा वाटा बीजाचा, म्हणजे आईबापांकडून आलेल्या किंवा लेकरातच नव्यानं झालेल्या जनुकांच्या बदलांचा. वेळेच्या फार आधी जन्म, आईबापांचं वाढलेलं वय, गरोदरपणी घेतलेली फिटची काही औषधं, अशा गोष्टींनी शक्यता थोडी वाढते. एक कारण नाही. कुणा एकाला धरून आणता येईल असं तर नाहीच.

हे मी सांगितलं. शिंपी गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, "मंजे तुमालाबी नक्की माहीत न्हाई." मला राग आला, आणि तो लपवायची कला मला बासष्ट वर्षांत जमलेली नाही. सभा तिथंच संपली.

दुसरा दिवस : पुसेगावच्या आतल्या वस्तीवर

सेनगाव तालुक्यात पुसेगावच्या आत चारपाच किलोमीटरवर मेंढपाळांची वस्ती आहे. रेखाच्या स्कूटीवर मागं बसून गेले. रस्त्याला दोन्हीकडं हरभरा, तुरी काढून झालेल्या, आणि आकाश एवढं मोठं की आमच्या डोंगराकाठच्या माणसाला जरा उघडंबोडकं वाटतं. एका खड्ड्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रेखानं केसांची पिन काढून तो जोडला. त्याच पिनेवर मी चारही दिवस काढले.

वाटेत रेखानं घरचं सांगितलं. मारोती आबा हे घरातले वडीलधारे, सत्तरीचे, मेंढ्या त्यांच्या. बायको गयाबाई. मोठा मुलगा बळीराम, त्याची बायको सविता, माहेर हट्टा गावचं. धाकट्या मुलाचं लग्न जमतंय. सविताला दोन लेकरं: तीन वर्षांची आरुषी, जिला ऑटिझम आहे, आणि दहा महिन्यांचा विराज, ज्याला काही नाही. विराजला नऊ महिन्यांचा गोवराचा डोस द्यायला घरचे तयार नव्हते. शेजारच्या तांड्यावर दोन लेकरांना गोवर निघाला होता. परवा अंगणवाडीत डोसाचा दिवस होता, आणि होळीनंतर हे सगळे मेंढ्या वसमतकडच्या शेतांत खतासाठी बसवायला जाणार, ते पावसाळ्यालाच परत. "परवा झालं तर झालं, मॅडम. न्हाईतर लेकरू तसंच उघडं," रेखा म्हणाली.

आरुषी अंगणात बसून मेंढीच्या लेंड्यांची सरळ ओळ लावत होती. मी हाक मारली, तिनं पाहिलं नाही. मी शेजारी बसून एक लेंडी ओळीच्या टोकाला ठेवली. तिनं ती उचलली, नीट केली आणि पुन्हा ठेवली. एवढ्यावर आमची ओळख झाली. रेखा म्हणाली ही आता पाणी हवं असलं की हात धरून माठाकडं नेते. सहा महिन्यांपूर्वी नुसतं रडायची.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी, कांद्याची पात आणि लसणाची चटणी. येसर म्हणजे धान्यं-मसाले भाजून केलेलं पीठ, पाण्यात उकळलं की आमटी तयार. आमच्याकडं एवढ्या सहज काही होत नाही, आधी वाटण, मग भांडण. मी तीन वाट्या प्यायले. गयाबाई खूश. त्या वेळी त्या मला फार आवडल्या, आणि खरं सांगायचं तर आजही आवडतात.

जेवणं झाल्यावर सगळे लिंबाखाली बसले. मी पिशवी उघडायला गेले तर पिशवी मोकळी. कोल्हापुरातून छापून आणलेली सगळी रंगीत चित्रं, आलेख, प्रश्नोत्तरं एका शेळीच्या तोंडात होती. शेवटचं पान तिच्या ओठांतून लोंबत होतं. बळीराम पोट धरून हसला. "म्याडम, तुमचा पुरावा पचला बगा!" मीही हसले, पण आतून चिडले होते. कागद नाही तर नाही, म्हटलं, तोंड आहे.

बळीरामनं आपला व्हिडिओ दाखवला, तोच सुटाबुटातला माणूस. मग सांगितलं, "आरू सोळा महिन्यांची असताना दुसरा डोस दिला. रातभर ताप. त्याआधी बाबा, मामा म्हनायची. मग बंद. मी डोळ्यांनी पाह्यलं." आशाताई, शोभा नाव तिचं, त्या दिवशी आरूला डोसाला घेऊन गेली होती. तेव्हापासून ह्या घरात तिला कुणी पाणी विचारत नाही. ती याच वस्तीतली, चार घरं सोडून राहणारी.

"तुझ्याकडं आरूचे त्याआधीचे व्हिडिओ आहेत?" मी विचारलं. होते की! जावळाचा होता. एक वर्ष एक महिन्याची आरू, नवा फ्रॉक, मामाच्या मांडीवर. कात्री लागायची आहे आणि वीस माणसं ओरडतायत, "आरू! आरू, इकडं बघ! आरू!" टाळ्या, शिट्ट्या, खुळखुळा. पोरगी एकदाही वळत नाही. मामाच्या उपरण्याचा गोंडा बोटांत धरून डोळ्यांजवळ फिरवतेय, फिरवतेय. शेवटपर्यंत.

मी तो तीन वेळा लावायला सांगितला. चौथ्यांदा मी बळीरामला म्हटलं, "आता माणसं बघू नकोस, तिला बघ." त्यानं पाहिलं. त्याचा हसरा चेहरा गेला. माझा मात्र आवाज चढला. पस्तीस वर्षांचा सराव! "हे डोसाच्या तीन महिने आधीचं. हाकेला वळत नाही, माणसाकडं बघत नाही. म्हणजे सुरुवात तेव्हाच झालेली. आणि दोन-चार शब्द येऊन जाणं हेसुद्धा बऱ्याच लेकरांत त्याच वयात होतं, सुई घ्या नाहीतर घेऊ नका. डोसाचं वय आणि हे कळायचं वय एकच पडतं, म्हणून सुई बदनाम. आता सांगा, सुईचा काय दोष?"

मी जिंकले होते. मग गयाबाईंनी हातातली पात खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मंजे म्या म्हनत होते तेच. गिराणच."

मला काही कळेना. रेखानं डोळे मिटले. गिराण म्हणजे ग्रहण. दिवाळीतलं ते सूर्यग्रहण लागलं तेव्हा सविताला आरूच्या वेळचे दिवस होते. ग्रहणात गरोदर बाईनं विळी, सुरी, सुई हातात धरायची नाही, काही कापायचं-चिरायचं नाही, हे इथं, आमच्याकडं, सगळीकडंच पाळतात. पण हट्ट्याहून सविताचा भाऊ आला होता. त्याला उपाशी कसा धाडायचा म्हणून तिनं चार वांगी चिरली. गयाबाई म्हणाल्या, "वांगी चिरली आन लेकराची वाचा चिरली. म्या तवाच म्हनलं होतं. मंग डोसाचं निघालं, तर गप बसले. आता ह्या बाईच म्हनून राहिल्या, सुईचं न्हाई. मंग कशाचं?"

"ग्रहणानं असं काही होत नाही हो," मी म्हटलं. सावली पडते एवढंच, हे बीजातून येतं, वगैरे सांगू लागले. पण माझ्या बोलण्यातला दम गेला होता. मघाशी माझ्या शब्दाला वजन होतं कारण त्यांना व्हिडिओत डोळ्यांनी दिसलं होतं. आता नुसतीच बडबड. सविता इतका वेळ विराजला घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "परवा डोस द्यायचा न्हाई. कोनी आलं तरी न्हाई." आणि आत गेली.

निघताना ती हापशावर भेटली. घागर भरत होती. मी म्हटलं, "सविता, तुला तरी पटलं का?" तिनं दांडा सोडला आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. "मला आधीपासून माहीत हाय. जावळाच्या दिवशीच कळलं होतं मला, पोरगी वळत न्हाई म्हनून. म्या आई हाव ना तिची." मग सावकाश म्हणाली, "म्याडम, तुमी सुईला सोडवलं. मला कोनी सोडवायचं? इराजला डोस दिला आन तो चांगला बोलला, तर मंग सगळेच म्हनतीन, सुईचं नव्हतंच, हिच्या हाताचंच होतं."

असली थप्पड मला आजवर कुणी मारली नव्हती. बाईला शास्त्र कळत होतं, माझ्याइतकंच. तिला ते परवडत नव्हतं.

तिसरा दिवस : सिद्धेश्वर

रेखाला सुट्टी होती. ती म्हणाली धरणावर जाऊ, तुमचं डोकं तरी शांत होईल. औंढ्याकडून सिद्धेश्वरला गेलो. पूर्णेचं पाणी अडवलंय, लांबपर्यंत निळंशार, काठावर होड्या पालथ्या घातलेल्या. एका भोईणीच्या घरी ताजा मासा तळून मिळाला. हळद इथली, तिखट इथलं, तेल मात्र सढळ. कोल्हापुरात आम्ही माशाला चिंच, आमसूल, खोबरं सगळं चोपडतो. इथं नुसतं लसूण-तिखट. खरं सांगते, हे बरं. भोईणीनं काटे काढायची रीत शिकवली आणि मला ती जमेना, तेव्हा म्हणाली, "बाई, घाई काहून करता? मासा आता कुठं पळतो?"

त्या वाक्यावर मी काठावर बसून रेखाला एक गोष्ट सांगितली. ती तिला ह्याआधी कधी सांगितली नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा जी जुनी पुस्तकं आम्हाला मिळाली त्यांत लिहिलेलं होतं की ऑटिझम थंड आईमुळं होतो. आई लेकराला माया लावत नाही, मग लेकरू स्वतःत बंद होतं. परदेशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हे म्हटलेलं, खरं तर माझ्या वेळेपर्यंत तिकडं ते मोडीतही निघालं होतं, पण आमच्या कपाटातली पुस्तकं तीच होती. आणि मी, तेवीस वर्षांची शहाणी, गंगावेशीतल्या एका बाईला तोंडावर सांगितलं, "तुम्ही मुलाशी बोलत नाही, म्हणून तो बोलत नाही." ती पुन्हा आली नाही. तिचा मुलगा आज चाळिशीचा असेल. मी तिला शोधायचा प्रयत्न केला होता, नंतर, फार उशिरा. सापडली नाही.

"म्हणजे गयाबाई विळी म्हणतात, आम्ही माया म्हणत होतो," मी म्हटलं. "फरक काय? आम्ही पदवी घेऊन म्हणत होतो, एवढाच. दोन्हीकडं सापडली कोण? आईच. आणि काल मी तेच केलं. पुरावा बरोबर होता गं माझा. पण कुणाच्या अंगावर पडेल ते पाहिलंच नाही." मला रडू आलं. रेखानं समजूत काढली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. ती म्हणाली, "मग उद्या जाऊन तेवढं तरी बोलू. डोसाचं नाव नको."

चौथा दिवस : पुन्हा वस्तीवर

सकाळी आठलाच पोचलो. दहाला अंगणवाडीत सिस्टर येणार होत्या. मी सविताची माफी मागितली, चुलीपुढं, तिच्या भाकरी चालू असताना. "माझं चुकलं. मला बरोबर ठरायची घाई झाली होती." ती भाकरी थापत राहिली. "व्हय," एवढंच म्हणाली. माझं काम झालं, असं समजून मी बाहेर आले.

मारोती आबा वाड्यात होते. वाडा म्हणजे मेंढ्या कोंडायचं काट्यांचं कुंपण. परवा लिंबाखाली ते सगळ्यांच्या मागं बसले होते आणि एक शब्द बोलले नव्हते. आता कोकरं आयांना लावत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, परवा तुमी बीजाचं काय म्हनलात, ते पुन्हा सांगा."

सांगितलं. बीज आईचंही असतं, बापाचंही. कधी घराण्यात पूर्वी असतं, वर न दिसता चालत येतं. कधी कुठंच नसतं, त्या लेकरातच नव्यानं होतं.

आबांनी एक कोकरू उचललं. काळ्याभोर मेंढीचं, पण पाठीवर पांढरा डाग. "हे पाह्यलं का? हिला कोनी दोष दिला न्हाई. आमच्यात कोकरू येगळं निघालं तर मेंढीला कोनी धरत न्हाई. आधी इचारतेत, नर कोनाचा, त्याचा बाप कोनाचा. दोन पिढ्या दडून बसलेला डाग तिसरीला वर येतो. ह्या डागाचा आज्जा म्या स्वतः इकत आनला होता." कोकरू खाली सोडलं. "मेंढ्यायचं एवढं कळतं, आन घरात काय केलं आमी? मेंढीलाच धरलं."

मग त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. किसन नाव. तो बोलत नव्हता. मुका नव्हता, ओरडायचा, पण शब्द नाही. एकाच थाळीत जेवायचा. कळप रोज एकाच वाटेनं न्यायचा, वाट बदलली तर डोकं आपटून घ्यायचा. ढोल वाजला की कानांत बोटं घालून रानात पळायचा. लग्न झालं नाही. पंचविशीत वारला. "लोक येडा म्हनायचे. येडा नव्हता तो. आरू लेंड्या लावते ना ओळीनं, तसा तो खडे लावायचा. म्या दोन वर्सांपासून पाहून राहिलो. तोंड उघडलं न्हाई."

"का नाही उघडलं?"

"धाकट्याचं लग्न जमून राहिलं. घरात असं हाय म्हनलं, तर कोन देईन पोरगी?"

मी त्यांना सांगितलं की आबा, मेलेल्या माणसाचं निदान मी करणार नाही, ते किसनभाऊंना होतं तेच आरूला आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आणि हा दोष नाहीच कुणाचा, नराचा नाही, मेंढीचा नाही. ते म्हणाले, "तुमचं नक्की तुमच्यापाशी ठेवा, बाई. मला घरातलं खूळ मोडायचं हाय." काठी घेऊन ते घराकडं चालू लागले. मी पिनेची चप्पल फरफटत मागं.

अंगणात बळीराम दात घासत होता, गयाबाई पात निवडत होत्या. आबांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "आरूचं किसनवानी हाय. आपल्या घरातलं हाय. सुनेच्या विळीचं नाव आजपासून ह्या घरात कोनी घ्यायचं न्हाई."

"अहो, हळू!" गयाबाई उठल्याच. "पलीकडं ऐकू जाईन. सोयरे येऊन राहिले ना परवा..."

"जाऊ दे. सोयरिक जमली तर जमली, मोडली तर मोडली. तुला किसन माहीत न्हाई का? तू त्याला हातानं जेवू घातलं."

बळीराम आईकडं वळून म्हणाला, "आये, तुला माहीत होतं?" त्या खाली बसल्या. "माहीत होतं रे. दीर होता माझा." पदर तोंडाला लावला. "पोराचं घर बसावं म्हनून म्या... विळीचं तर सगळी वस्तीच म्हनत होती, म्या एकटी म्हनले का?" त्यांना त्या वेळी रागवावं असं मला वाटलं आणि जमलं नाही. दिराला हातानं भरवणाऱ्या बाईनं नातीसाठी किती देव केले होते, ते रेखानं मला आधीच सांगितलं होतं.

सविता चुलीपुढून बाहेर आली होती. हात पिठाचे. कुणाकडंच न बघता तिनं ते पदराला पुसले, विराजला झोळीतून काढलं, त्याला टोपडं घातलं आणि म्हणाली, "धा वाजले का?"

अंगणवाडीत सगळेच गेलो. गयाबाई आरूला काखेत घेऊन आल्या. दारात शोभाताई यादी घेऊन उभ्या होत्या. ह्या घराकडून त्यांना कुणाची अपेक्षा नव्हती. बळीराम त्यांच्यापुढं जरा घुटमळला आणि म्हणाला, "ताई, घरी या च्याला." त्या बऱ्याच रागात असाव्यात, आणि का नसाव्यात? "येईन सवडीनं," म्हणाल्या आणि विराजचं नाव शोधू लागल्या. सिस्टरनं दंडाला सुई टोचली, लेकरू सूर लावून रडलं. आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, लाल पुरळ येऊ शकते, घाबरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि अर्धा तास बसवून ठेवलं.

त्या अर्ध्या तासात सविता ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. विराज तिच्या खांद्यावर हुंदके देत झोपला होता. गयाबाई शेजारीच आरूला काखेत घेऊन उभ्या होत्या. सविता म्हणाली, "घरातल्यांच्या तोंडातून गिराण गेलं आज. माझ्या डोक्यातून न्हाई गेलं, मावशी. तुमी म्हनता ते खरं हाय, मला कळतं. पन विळीवर बसलं की मला तोच दिवस दिसतो. भाजी चिरवत न्हाई. हे जायाला किती दिस लागतेत?"

पस्तीस वर्षांत मी आयांना काय काय सांगितलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, की मीच कुणाला विचारू दिला नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही, सविता."

गयाबाईंनी आरूला ह्या काखेतून त्या काखेत घेतलं आणि आमच्याकडं न बघताच म्हणाल्या, "जवर जात न्हाई तवर भाजी म्या चिरीन."